गॅरेज कुणाचं, टाके कुणाचे?

मुलांची पुस्तकं मुलांना काय शिकवतात, हा प्रश्न स्त्री-चळवळीने फार पूर्वीच विचारला. पाठ्यपुस्तकातली आई कायम चुलीपाशी आणि बाबा कायम पेपर घेऊन खुर्चीत का, यावर आपण लेख लिहिले, निवेदनं दिली, शिबिरं घेतली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले. एवढं एक चित्र बदलायला एक अख्खी पिढी गेली. आणि आपण तिकडे बघत होतो तेव्हा शेजारच्या फळीवर दुसरीच पुस्तकं येऊन बसली.

ही पुस्तकं दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार प्रसिद्ध कंपन्यांच्या गोष्टींचा: अमुक कंपनी कशी जन्मली, तिचा संस्थापक लहानपणी कसा होता, त्याने अपयशावर मात कशी केली. दुसरा प्रकार स्क्रीनविना कोडिंगचा: संगणक नाही, मोबाइल नाही, नुसते कागद, मणी, दोरे, पेले, चौकोनांचं जाळं आणि बाण वापरून मुलांना 'संगणकासारखा विचार' शिकवायचा. इंग्रजीत दोन्ही प्रकारांची रेलचेल आहे. मराठीतही भाषांतरं आणि नकला येऊ लागल्या आहेत. मी वस्तीपातळीवर काम करते, किशोरी गट आणि छोटी वाचनालयं चालवते. आमच्याकडे ही पुस्तकं विकत घेऊन येत नाहीत, देणगीच्या खोक्यांतून येतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं, तेव्हापासून अशी खोकी वाढली. कंपनीच्या पैशातून कंपन्यांच्या आरत्या मुलांच्या हातात पडाव्यात, यात योगायोग किती आणि हिशोब किती, हे ज्याने-त्याने ठरवावं.

माझी तक्रार मात्र पुस्तकं येतात ही नाही. मुलींनी कंपन्या कशा चालतात हे जाणावं, कोडिंग शिकावं, असं मला मनापासून वाटतं. तक्रार अशी की ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी वाचली की मुलांच्या मनात एकच धडा पक्का होतो: डोकं पुरुषाचं, हात बाईचे, आणि पैसा डोक्याला मिळतो, हातांना मिळत नाही.

आधी कंपनीची गोष्ट घेऊ. तिचा साचा ठरलेला आहे. एक हुशार मुलगा, एक मित्र, एक गॅरेज. गॅरेजमध्ये यंत्र बनतं, यंत्रातून साम्राज्य उभं राहतं. या साच्यात बाई येते ती दाराशी उभी राहण्यापुरती.

गूगलचं गॅरेज बघा. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी कंपनी थाटली ते गॅरेज कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कचं, आणि ते होतं सुझन वोजस्की या बाईच्या घराचं. कर्जाचे हप्ते फेडायला मदत व्हावी म्हणून तिने महिना १,७०० डॉलरने जागा भाड्याने दिली होती. पुढे तीच गूगलमध्ये गेली आणि २०१४ ते २०२३ यूट्यूबची प्रमुख होती. पण छोट्या मुलांच्या गोष्टीत ती बहुधा घरमालकीण म्हणून एका वाक्यात येते आणि जाते.

अ‍ॅपलचं गॅरेज त्याहून प्रसिद्ध. त्या गॅरेजची गोष्ट बरीचशी दंतकथा आहे, असं खुद्द सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाकने २०१४ साली सांगून टाकलं. पण त्या घरात एक काम नक्की होत होतं. पहिल्या संगणकांच्या बोर्डांवर चिपा बसवायच्या होत्या, आणि ते काम स्टीव्ह जॉब्जची बहीण पॅटी करत होती, बोर्डामागे एक डॉलर घेऊन. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या कंपनीच्या अगदी पहिल्या कामगारांत एक बाई होती, आणि तिला मजुरी मिळत होती ती नगावर! आपल्या वस्त्यांतल्या बायकांना हे वाचून ओळखीचं वाटेल. त्यांनाही नगावरच पैसे मिळतात. पण मुलांच्या पुस्तकात त्या बहिणीला जागा क्वचित मिळते, कारण तिच्याने गोष्ट 'प्रेरणादायी' होत नाही.

हे अमेरिकेचंच दुखणं आहे असं नाही. आपल्या उद्योगपतींच्या गोष्टींत बाई येते ती पैसे किंवा दागिने काढून देणारी म्हणून. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर, हे पोरापोराला पाठ आहे. पण त्या स्वतः इंजिनिअर होत्या. १९७४ मध्ये स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं लिहिलेली टेल्कोची जाहिरात पाहून त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि ती नोकरी मिळवून दाखवली. मग सात संस्थापकांत त्या का नाहीत? नवरा-बायको दोघं एका कंपनीत नकोत असा नारायण मूर्तींचा नियम होता म्हणून. २०२४ च्या जानेवारीत एका मुलाखतीत त्यांनी स्वतःच हे चुकलं असं मान्य केलं. मुलांच्या पुस्तकात दहा हजार रुपये येतात, तो नियम येत नाही.

मेहेरबाई टाटांचंही तेच. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा दोराबजींनी आपली मालमत्ता गहाण टाकली, त्यात मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगतात. पण याच मेहेरबाई स्त्रियांच्या संघटना उभारत होत्या, १९२९ च्या सारडा कायद्यासाठी, म्हणजे बालविवाहाच्या विरोधात, बोलत होत्या. कंपनीच्या गोष्टीत त्या उरतात हिऱ्यापुरत्या.

आणि कारखान्यातली बाई तर हिऱ्यापुरतीही उरत नाही. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ अ‍ॅपलचे फोन जुळवणारा फॉक्सकॉनचा कारखाना आहे. तिथे जुळणीला बहुसंख्य तरुण मुली आहेत. २०२१ च्या डिसेंबरात त्यांच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली, दीडशेहून अधिक मुली रुग्णालयात गेल्या, आणि बाकीच्या मुली महामार्गावर येऊन बसल्या. तेव्हा कुठे जगाला कळलं की त्या एकेका खोलीत कशा दाटीवाटीने राहतात. २०२४ च्या जूनमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की याच कारखान्यात जुळणीच्या कामावर लग्न झालेल्या बायकांना घ्यायचं टाळलं जात होतं. कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला. केंद्र सरकारने राज्याकडून अहवाल मागवला. फोनची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकात या मुलींचं एक चित्र का असू नये? महामार्गावर बसण्यात धाडस नाही का? अपयशावर मात नाही का?

आता दुसरं पुस्तक उघडू, स्क्रीनविना कोडिंगचं. याचा इतिहास चांगला आहे. न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केले. २०१४ साली फिनलंडच्या लिंडा लियुकास या तरुणीने रुबी नावाच्या मुलीच्या गोष्टींतून कोडिंग सांगायचं ठरवलं. लोकवर्गणीतून दहा हजार डॉलर मागितले, मिळाले तीन लाख ऐंशी हजारांहून जास्त. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो भावाच्या ताब्यात आहे, तिथल्या मुलीला असं पुस्तक म्हणजे वरदानच. म्हणून तर माझी या पुस्तकांकडून अपेक्षा जास्त आहे.

या पुस्तकांतल्या कृती कुठून आल्या बघा. पाककृती म्हणजे अल्गोरिदम: आधी हे, मग ते, क्रम चुकला तर पदार्थ बिघडला. वेणी म्हणजे लूप: तीन पेड, तीच क्रिया पुन्हा पुन्हा. मण्यांच्या बांगडीत दोन रंग घेऊन, एक रंग शून्य आणि एक रंग एक मानून आपलं नाव गुंफायचं. चौकोनांच्या कागदावर नक्षी भरायची. अहो, हे तर आपलंच आहे! ठिपक्यांची रांगोळी काढणारी पोर सात ते एक ठिपक्यांचा हिशोब मनात करते. लोकरीचा स्वेटर विणणारी बाई दोन सुलट, दोन उलट मोजत जाते, आणि मध्येच टाका निसटला तर चूक नेमकी कितव्या ओळीत झाली ते शोधून तेवढंच उसवते. कोडिंगवाले याला 'डीबगिंग' म्हणतात. भोंडल्याच्या गाण्यात रुसलेल्या सुनेची समजूत काढायला सासू, सासरा, दीर, नणंद एकामागून एक येतात. कडवं तेच, फक्त नातं बदलतं. हा चोख लूप आहे. तो थांबतो कधी? नवरा येतो तेव्हा. गाणी रचणाऱ्या बायकांना थांबण्याची अटही बरोब्बर ठाऊक होती!

पुस्तकात हे सगळं येतं, पण बिननावाने. वेणी येते, वेणी घालणारी येत नाही. मुलाला सांगतात, 'बघ, तू आज कोडिंग केलंस.' तीच कृती त्याच्या आजीने पन्नास वर्षं केली, तेव्हा ते होतं 'बायकांचं काम'.

आमच्या वस्तीतल्या एका खोलीत हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. नववीतली मुलगी देणगीच्या पुस्तकात बघून लाल आणि पांढऱ्या मण्यांत आपलं नाव गुंफत होती. तिच्याशेजारी तिची आई मण्यांच्या माळा ओवत होती, ठेकेदाराने आणून टाकलेल्या, डझनाच्या हिशोबाने. एका हाताचं नाव शिक्षण, दुसऱ्या हाताचं नाव फावल्या वेळातला उद्योग. आईला किमान वेतन नाही, सुट्टी नाही, डोळे गेले तर भरपाई नाही. घरबसल्या काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली करार केला, क्रमांक १७७. भारताने तो स्वीकारलेला नाही. मुलीच्या बांगडीचं कौतुक करणारं पुस्तक आईच्या माळेबद्दल गप्प राहतं, तेव्हा ते तटस्थ नसतं.

इथे मैत्रिणी म्हणतील, मग झालं तर! पुस्तकात लिहा की बायकांच्या हातात जन्मतःच कोडिंग आहे. थांबा. हा सापळा आहे, आणि एका कंपनीनेच तो लावून झालेला आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक नावाचं गाव आहे, नव्हाहो आदिवासींच्या प्रदेशात. तिथे १९६५ साली फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीने चिपा जुळवायचं काम सुरू केलं. कामावर बहुतेक नव्हाहो बायका. १९६९ साली कंपनीने एक माहितीपत्रक छापलं. त्यात नव्हाहो बायकांनी विणलेल्या पारंपरिक गालिच्याची नक्षी आणि चिपचा आराखडा यांचं साम्य दाखवलं होतं. या बायकांच्या रक्तातच हे कौशल्य आहे, असा एकूण सूर. किती गौरव! पण जे रक्तात आहे ते शिकलेलं नाही, आणि जे शिकलेलं नाही त्याला कुशल कामगाराची मजुरी कशाला? १९७५ च्या फेब्रुवारीत कामगारकपातीनंतर आदिवासी कार्यकर्त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, आणि कंपनी गाशा गुंडाळून निघून गेली. गालिचा विणणाऱ्या तिथेच राहिल्या.

चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाचंही असंच. त्याची कायमची मेमरी अक्षरशः विणलेली होती: बारीक कड्यातून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समध्ये रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी ती सुईने विणली. एक तार चुकली तर यान भरकटणार. आणि इंजिनिअर तिला गमतीने काय म्हणायचे? म्हातारबायांची मेमरी.

म्हणून आपली मागणी 'बायकांचा नैसर्गिक संयम आणि नाजूक बोटं' यांच्या कौतुकाची असूच शकत नाही. विणणं, ओवणं, मोजणं ही विद्या आहे. ती आईकडून, आजीकडून, मैत्रिणीकडून वर्षानुवर्षं शिकावी लागते. विद्या म्हटलं की शिकणारी आली, शिकवणारी आली, दाम आला. निसर्ग म्हटलं की सगळं फुकट.

खुद्द कोडिंगचाच इतिहास याचा पुरावा आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक हा संगणक वाजतगाजत जगापुढे आला. त्याच्यावर गणित चढवणाऱ्या सहा जणी होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बायलस, रूथ लिख्टरमन. त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाचा प्रोग्रॅम बायकांनी लिहिला, आणि रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांना नव्हतं. पुढे १९८० च्या दशकात एका विद्यार्थिनीने जुन्या फोटोंतल्या या बायका कोण म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, यंत्र छान दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील. प्रोग्रॅमिंग कारकुनी समजलं जायचं तोवर ते बायकांचं होतं. त्यात पैसा आणि मान आला, तशा बायका मागे सारल्या गेल्या.

आणि मागे सारायला मुलांच्या पुस्तकांनीही हातभार लावला. २०१० साली बार्बी संगणक इंजिनिअर झाल्याचं एक पुस्तक आलं. त्यात ती खेळाची कल्पना आणि चित्रं तेवढी करते. खेळ प्रत्यक्षात उतरवायला तिला दोन मुलांची मदत लागते. २०१४ साली बायकांनी या पुस्तकाची यथेच्छ टर उडवली, तेव्हा बार्बीच्या कंपनीला माफी मागावी लागली. बोलल्याने फरक पडतो, तो असा.

काही जणी म्हणतात, त्यावर उपाय निघालाय की. २०१६ पासून बंडखोर मुलींच्या, थोर स्त्रियांच्या गोष्टींची सुंदर पुस्तकं आली आहेत. आली आहेत, आणि मुली ती आवडीने वाचतात. पण गॅरेजमधल्या मुलाच्या जागी गॅरेजमधली मुलगी उभी केली म्हणजे गोष्ट बदलली असं होत नाही. साचा तोच राहतो: एक असामान्य व्यक्ती आणि तिच्यामागे न दिसणारी शंभर माणसं. आपली चळवळ एकट्या-दुकट्या यशस्वी बाईसाठी उभी राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा असतो. मुलींना नोकऱ्या हव्यात, त्यांना इतिहासाचे वाद कशाला? मला वाटतं, नोकरी हवी असलेल्या मुलीलाच हे आधी कळायला हवं. उद्या ती कुठल्या तरी जुळणीच्या पट्ट्यावर किंवा कॉम्प्युटरपुढे डेटा भरायला बसणारच आहे. तेव्हा तिच्या कामाला 'साधं काम' म्हणून कमी पैसे देऊ केले, तर तिला प्रश्न विचारता यावा.

आणि वेगळ्या गोष्टी नाहीत असंही नाही. १९६२ साली इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली या बाईने सहा पौंडांच्या भांडवलावर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. ती पाच वर्षांची असताना, १९३९ मध्ये, नाझींपासून वाचवून इंग्लंडमध्ये आणलेली निर्वासित मुलगी होती. मुलं झाली म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रॅमर बायकांना तिने घरबसल्या काम दिलं. त्या जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायच्या. हे खरंखुरं स्क्रीनविना कोडिंग! पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. बाईच्या पत्रांना उत्तर येत नाही म्हणून ती 'स्टीव्ह' अशी सही करायची. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी केलं, आणि पुढे शर्लीने कंपनीचे शेअर कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. २०२५ मध्ये ती वारली. कंपनी आणि कोडिंग, दोन्ही पुस्तकं या एका गोष्टीत मावतात.

आपल्याकडे तर खाणच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं लिज्जत झालं. आज तिथे पंचेचाळीस हजारांच्या आसपास बायका आहेत आणि त्या मालकीण म्हणवतात. पापड घरी लाटायचा तर जागा कुणाची, पाठदुखी कुणाची, हे प्रश्न त्या गोष्टीतही विचारावेत. मुलांना प्रश्न झेपतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि २००८ साली कचरावेचकांच्याच मालकीची स्वच्छ ही सहकारी संस्था शहराचा कचरा उचलू लागली. वर्गीकरण हा कोडिंगच्या पुस्तकांतला पहिला धडा असतो. नुसत्या हाताने चुरगाळून, आवाजावरून प्लॅस्टिकची जात ओळखणारी कचरावेचक मावशी त्या धड्याची बाई का नसावी?

तेव्हा माझं सांगणं पुस्तकं परत पाठवा असं नाही. आलेली पुस्तकं मुलींबरोबर, आणि मुलांबरोबरही, मोठ्याने वाचा आणि प्रत्येक पुस्तकाला चार प्रश्न विचारा. पहिले पैसे, पहिली जागा, पहिलं जेवण कुणी दिलं? ही वस्तू कुठल्या गावात, कुणाच्या हातांनी बनते? नफा कुणाला, पगार कुणाला आणि नुसते आभार कुणाला? आणि कोडिंगच्या पुस्तकाला विशेष प्रश्न: या पानावरची कृती आपल्या घरात कोण करतं, ती कुणाकडून शिकली आणि तिला त्याचे काय मिळतात?

उत्तरं पुस्तकात नसतील. ती मुलांना आईला, आत्याला, शेजारच्या काकूंना विचारून आणावी लागतील. ती लिहून काढा, चित्रं मुलांनाच काढू द्या, दोन-चार पानं टाचून वाचनालयाच्या त्याच फळीवर ठेवा, नावानिशी. ज्या गटांच्या भागात घरबसल्या काम करणाऱ्या बायका आहेत त्यांनी सोबत दरही लिहावेत: नग काय, वेळ किती, पैसे किती. दहा वस्त्यांतले दर एकत्र आले की ते मुलांचं पुस्तक राहणार नाही, कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवायचा कागद होईल. त्या कामाला आपण या तिमाहीतच लागू या.